आधी विचारा, ‘कशापासून?’

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलगी सातवीत, मराठी माध्यमात. मापन आणि गती या दोन धड्यांवर घटक चाचणी झाली, त्यात 20 पैकी 9 गुण मिळाले. त्या लिहितात, “व्याख्या तिला धडाधड पाठ आहेत, तरी उदाहरणं चुकतात. मी कॉमर्सची, मला यातलं काही सांगता येत नाही. क्लास लावू का?” सोबत तिच्या चार उत्तरांचे फोटो आहेत.

मी ठाण्यात सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. ताई, ही चार उत्तरं मी वेगवेगळ्या अक्षरांत शेकडो वह्यांमध्ये पाहिली आहेत. म्हणून त्यांच्यावरूनच बोलते.

पहिल्यात पट्टीवर ठेवलेल्या पेन्सिलीचं चित्र आहे. पेन्सिलीचं एक टोक 1 वर, दुसरं 8.6 वर. लेकीने लांबी लिहिली 8.6 सेंटीमीटर. दुसऱ्यात एक मुलगी घरातून निघून 400 मीटर पूर्वेला आणि मग 300 मीटर उत्तरेला जाते, तिने कापलेलं अंतर आणि तिचं विस्थापन (म्हणजे निघाली तिथून सरळ रेषेत किती दूर आणि कोणत्या दिशेला पोचली) काढायचं आहे. लेकीने दोन्हीकडे 700 लिहिलं. तिसरं, ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? उत्तर, 7.2. चौथ्यात विचारलंय की धावत्या लोकलमध्ये बसलेली बाई स्थिर आहे की गतिमान. तिने लिहिलं, ‘दोन्ही’, आणि त्यावर लाल काट आहे.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण तिथे तुमच्या मुलीचं बरोबर आहे. ‘दोन्ही’ हेच खरं उत्तर. समोर बसलेल्या बाईपासून पाहिलं तर ती स्थिर, प्लॅटफॉर्मवरच्या हमालापासून पाहिलं तर गतिमान. तिने हे एक वाक्य जोडलं असतं तर कोणालाही काट मारता आली नसती. तपासणाऱ्यांना दोष देत नाही, चाळीस पेपर रात्री अकरा वाजता तपासले की माझ्याकडूनही असं झालेलं आहे. पण लेकीला घरी सांगा की यात तिचं चुकलेलं नाही, अर्धं लिहायचं राहिलं.

राहिलेलं अर्धं म्हणजे ‘कशापासून?’ हा प्रश्न. तिची पहिली दोन उत्तरंही तो न विचारल्यामुळेच चुकली. पट्टी असो की लोकल, मोजणारा आधी एक जागा धरतो आणि म्हणतो, इथे शून्य. पुस्तकात मापनाचा धडा एकीकडे आणि गतीचा दुसरीकडे येतो, त्यामुळे दोन्हींची सुरुवात एकाच प्रश्नाने होते हे मुलांना कधी दिसतच नाही.

पेन्सिलीचं आधी घेऊ. 8.6 हे पेन्सिलीच्या टोकाचं पट्टीवरचं ठिकाण झालं. लांबी म्हणजे दोन ठिकाणांमधला फरक, 8.6 वजा 1, म्हणजे 7.6. मुलं आकडा वाचतात, फरक काढत नाहीत, कारण त्यांनी आजवर प्रत्येक वेळी शून्यापासूनच मोजलेलं असतं. यावर माझा एकच उपाय होता. मुद्दाम टोक तुटलेली पट्टी द्यायची. नवीन कंपासपेटीतली कोरी पट्टी हातात असेपर्यंत हा धडा कळत नाही. तुटकी पट्टी मिळाली की मूल आपोआप 3 पासून सुरू करतं आणि शेवटी 3 वजा करतं.

हे मी शहाणपणाने शोधलेलं नाही, फजितीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गाला बाकाची लांबी मोजायला सांगितली. एकाच मापाचे बाक, पण उत्तरं 118 पासून 123 सेंटीमीटरपर्यंत आली. मी चिडले, परत मोजायला लावलं, तरी तेच. मधल्या सुट्टीत स्वतः मोजायला बसले तेव्हा कळलं की प्रयोगशाळेतल्या लाकडी पट्ट्यांची टोकं इतकी झिजली होती की शून्याची रेघच उरली नव्हती. शिवाय बाक पट्टीपेक्षा लांब, त्यामुळे मुलं पट्टी चार वेळा उचलून पुढे ठेवत होती आणि दर वेळी चूक साठत होती. मुलांनी नीट मोजलं होतं, मी पट्टी तपासली नव्हती.

घरात टेप असेल तर ती काढा, सुतार वापरतात ती पत्र्याची. तिच्या टोकाचा पत्र्याचा आकडा, म्हणजे हूक, किंचित हलतो. मुलगी म्हणेल, “आई, ही सैल झालीय.” तशी ती झालेली नाही. तो आकडा स्वतःच्या जाडीएवढाच हलावा म्हणून मुद्दाम सैल रिवेटवर बसवलेला असतो. टेबलाच्या कडेला अडकवून ओढलं की तो बाहेर सरकतो आणि शून्य त्याच्या आतल्या बाजूला येतं. कपाटाच्या आत भिंतीला टेकवून दाबलं की तो आत जातो आणि शून्य त्याच्या बाहेरच्या बाजूला येतं. म्हणजे मोजण्याची पद्धत बदलली की शून्याची जागाही बदलते, आणि ती योग्य तिथे जावी याची सोय कोणीतरी पत्र्याच्या एवढ्याशा तुकड्यात करून ठेवली आहे. अख्ख्या मापनाच्या धड्यात मला याहून सुंदर वस्तू सापडलेली नाही, आणि पुस्तकात ती नाही.

शिंप्याची कापडी टेपही बघा. एका बाजूला 60 इंच, दुसऱ्या बाजूला 150 सेंटीमीटर. आता गुणाकार करायला सांगा. 1 इंच म्हणजे नेमके 2.54 सेंटीमीटर, मग 60 इंच म्हणजे 152.4 होतात. तर 150 कुठे संपले? शाळेच्या पट्टीवरही 12 इंचांची रेघ 30 च्या थोडी पुढे असते, कारण फूट 30.48 सेंटीमीटरचं आहे. लेकीने हे आधीच पाहिलेलं असेल आणि “पट्टीच चुकीची आहे” म्हणून सोडून दिलं असेल. बरीच मुलं तसंच करतात.

घरी सुतार आला की त्याच्या बाजूला तिला उभी करा. तो म्हणेल, “अठरा इंच तीन सूत.” एका इंचात आठ सूत. ही अजून जिवंत असलेली भाषा आहे. खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांकडे पाण्याची खोली वावांत असते. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. आपल्या आज्या फुलांचे गजरे हातावर मोजून घ्यायच्या, आणि गजरेवालीचा हात आखूड असला की भांडण ठरलेलं. प्रमाणित एकक का हवं, हे त्या भांडणात शिकायला मिळतं. फ्रान्सनेही त्याच कटकटीला कंटाळून 1791 मध्ये ठरवलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. डनकर्कपासून बार्सिलोनापर्यंत मोजणी करायला सहा-सात वर्षं लागली, आणि तरी मीटर सुमारे 0.2 मिलिमीटरने आखूड निघाला. पण तोवर पट्टी ठरून गेली होती. पुढे 1889 मध्ये प्लॅटिनम-इरिडियमचा दांडा आला. 1983 पासून प्रकाश निर्वातात 1/299792458 सेकंदात जेवढं अंतर कापतो तो मीटर. आपल्याकडे दशमान मापं 1958 च्या ऑक्टोबरपासून लागू व्हायला लागली, तरी आजही घर चौरस फुटांत, जमीन गुंठ्यात आणि ब्लाउजपीस मीटरमध्ये घेतो. त्यात बिघडत काही नाही. एककं बदलून मांडता येत नाहीत, तिथे बिघडतं. तिसरा प्रश्न तोच आहे, त्याकडे येतेच.

त्याआधी मोजण्याचा एक घरगुती प्रयोग. ‘दोनशे पानी’ वही घ्या, पुठ्ठे सोडून आतल्या कागदांचा गठ्ठा घट्ट दाबा आणि जाडी मोजा. समजा 8 मिलिमीटर भरली. एका कागदाची जाडी किती? मूल म्हणतं, 8 भागिले 200, म्हणजे 0.04. चूक. दुकानदार जिला दोनशे पानी म्हणतो तिच्यात पृष्ठं दोनशे असतात, कागद शंभरच. उत्तर 0.08. जी वस्तू पट्टीच्या सर्वांत लहान भागापेक्षाही बारीक आहे ती पुष्कळशा एकत्र घेऊन मोजायची, ही युक्ती तिला मिळते. आणि भागण्याआधी नक्की काय मोजलं हे बघायची सवयही लागते.

आता दुसरं उत्तर, अंतर आणि विस्थापन.

इथे मराठीच आडवी येते, हे कोणी मुलांना सांगत नाही. चाल हा शब्द तिने कुठे ऐकला आहे? गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूची चाल. गती म्हणजे “तिला गणितात गती आहे” मधली गती. वेग म्हणजे बाबांच्या स्कूटरच्या काट्यावर दिसतो तो. आणि पुस्तक म्हणतं, काटा दाखवतो ती चाल. वेग सांगायचा तर सोबत दिशाही हवी. म्हणजे रोजच्या बोलण्यातला वेग हा विज्ञानात वेग नाही! मूल गोंधळलं तर नवल काय? व्याख्या पाठ असूनही उदाहरण चुकतं याचं मोठं कारण मला हेच वाटतं. व्याख्या एका कप्प्यात बसते आणि शब्दाचा जुना अर्थ दुसऱ्या कप्प्यात जागा धरून असतो. परीक्षेत घाई झाली की हात जुन्या कप्प्याकडे जातो.

त्यामुळे विस्थापन शब्दाने शिकवू नका, रिक्षाने शिकवा. ऐरोली स्टेशनला रिक्षात बसा, सेक्टरांत एक फेरी मारून परत स्टेशनलाच उतरा. मीटर किती झाला? तेवढं अंतर. आणि तुम्ही निघालात तिथून किती दूर आहात? शून्य, हे विस्थापन. रिक्षाचा मीटर चाकाचे फेरे मोजतो, त्याला दिशेशी देणंघेणं नाही. विस्थापनावर भाडं घ्यायचं ठरलं तर गोल फिरवून आणणारा रिक्षावाला उपाशी मरेल. माझ्या वर्गात हे वाक्य ऐकून मुलं हसायची आणि मग परीक्षेत विसरायची नाहीत.

मोठं उदाहरणही तुमच्याच दारात आहे. ऐरोलीहून खाडीपलीकडे मुलुंडच्या इमारती दिसतात. पूल नव्हता तेव्हा तिकडे गाडीने जायला कळवा-ठाण्यावरून वळसा पडायचा. 1999 मध्ये ऐरोलीचा पूल सुरू झाला आणि रस्ता एकदम आखूड झाला. मुलीला विचारा, पुलामुळे काय बदललं, अंतर की विस्थापन? अंतर बदललं. विस्थापन पूल नव्हता तेव्हाही तेवढंच होतं. खाडीवर उडणाऱ्या रोहित पक्ष्यांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आता पेपरातलं उदाहरण. 400 पूर्वेला, 300 उत्तरेला. पायथागोरसचा नियम झाला असेल तर ठीक, नसेल तर गरज नाही. चौकटीच्या वहीत 100 मीटरला 1 सेंटीमीटर धरून उजवीकडे 4 सेंटीमीटरची रेघ काढायची, तिच्या टोकापासून वर 3 सेंटीमीटरची. मग घरापासून शेवटच्या बिंदूपर्यंत पट्टी लावून मोजायचं. 5 सेंटीमीटर भरतील, म्हणजे विस्थापन 500 मीटर, दिशा ईशान्येकडची, थोडी पूर्वेला कललेली. कापलेलं अंतर 700. दिशा लिहिलीच पाहिजे, नाहीतर ते विस्थापनच नाही. आणि एक गंमत बघा. पट्टी 1 पासून लावून तिने पेन्सिलीसारखंच वाचलं, तर उत्तर 600 मीटर येईल.

तिसरं उत्तर. 72 किलोमीटरला 10 ने भागलं, बहुधा मिलिमीटरचे सेंटीमीटर करताना भागतो तसं. तिला 5/18 ने गुणायचं असं सांगू नका, आधी गाडी रस्त्यावर उभी करा. ताशी 72 किलोमीटर म्हणजे एका तासात 72000 मीटर. एका तासात सेकंद 3600. मग एका सेकंदाला 20 मीटर. 5/18 हा आकडा 1000 भागिले 3600 यातूनच आला आहे. पाठ करायचेच तर जोड्या करू द्या, 18 ला 5, 36 ला 10, 54 ला 15, 72 ला 20. उत्तर 7.2 आलं तेव्हा तिला खटकलं का नाही, हा माझा खरा प्रश्न आहे. सेकंदाला 7.2 मीटर म्हणजे ताशी जेमतेम 26 किलोमीटर, जोरात मारलेली सायकल. उत्तर डोळ्यांसमोर आणून बघायची सवय नसली की 7.2 काय आणि 720 काय, सारखंच.

ही सवय लोकलमध्ये लागते. तुम्ही लिहिलंय की तिचं आजोळ डोंबिवलीला आहे. मग ठाण्याला गाडी बदलून मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर खिडकीची जागा मिळाली की रुळांच्या कडेचे विजेचे खांब बघायला सांगा. दारात उभं राहून नाही, खिडकीतून. खांबांवरच्या पाट्यांवर एकाखाली एक दोन आकडे असतात. वरचा किलोमीटरचा, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मोजलेला. खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा क्रमांक. ठाण्याच्या आसपास वरचा आकडा 33, 34 असा दिसतो. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेव्हाही अंतर 34 किलोमीटरच धरतात. शून्य त्या टोकाला, अजूनही.

वरचा आकडा बदलला की मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करायचं, पुन्हा बदलला की बंद. 3600 ला मिळालेल्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर. मागच्या खेपेला मला एक किलोमीटर 48 सेकंदांत मिळाला, म्हणजे ताशी 75. त्याच्याआधीचा 96 सेकंदांत, कारण गाडी नुकती सुटलेली होती. दोन आकड्यांतला हा फरक तिने स्वतः पाहिला की त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते, या शब्दाची भीती जाते. फक्त खांब मोजून अंतर काढायला जाऊ देऊ नका. खांबांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं, वळणावर ते जवळजवळ असतात. माझ्या एका हुशार विद्यार्थ्याने दोन खांबांमधलं अंतर 50 मीटर धरून अख्खा प्रकल्प केला होता. मेहनत खरी होती, पट्टी खोटी.

सरासरी चालीचा सापळाही इथेच दाखवून टाका. घोडबंदर रोडवर संध्याकाळी 6 किलोमीटर ताशी 15 ने गेलात आणि रात्री तेच 6 किलोमीटर ताशी 30 ने परत आलात. सरासरी किती? सगळे म्हणतात साडेबावीस. जाताना 24 मिनिटं, येताना 12, एकूण 36 मिनिटांत 12 किलोमीटर, म्हणजे ताशी 20. वाहतुकीच्या कोंडीत जास्त वेळ गेला, म्हणून सरासरीही कोंडीकडे झुकली. चालींची सरासरी घ्यायची नाही, एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं.

परतीच्या प्रवासात एक गोष्ट ती स्वतःहून बोलेल. डोंबिवलीला जाताना खांबांवरचे आकडे चढत होते, येताना उतरतात. गाडी तेवढीच जोरात आहे, पण 40 नंतर 39 येतो. शेवटचा आकडा वजा पहिला आकडा केलं की उत्तर उणे येतं. चाल तीच, वेगाला मात्र उणे चिन्ह लागलं, कारण दिशा फिरली. हे नववीत शिकवतात, पण सातवीच्या मुलीला खिडकीत बसून कळतं.

ठाणे स्टेशनात गाडी थांबलेली असताना शेजारच्या रुळावरची गाडी सुटते आणि आपलीच गाडी मागे जातेय असं वाटतं, तेव्हा तिला तिचं चौथं उत्तर आठवून द्या. फलाटाच्या खांबाकडे पाहिलं की लगेच भ्रम जातो. पण भ्रम नेमका कोणता? तलावपाळीच्या बाकावर शेंगदाणे खात बसलेले आजोबा स्थिर वाटतात ना? पृथ्वीच्या आसापासून पाहिलं तर ठाण्याच्या अक्षांशावर ते ताशी सुमारे 1580 किलोमीटरने फिरताहेत. फलाटाचा खांबही.

क्लासचं विचारलंत. आत्ता लावू नका. व्याख्या तिला येतातच, क्लासमध्ये त्या आणखी एकदा पाठ होतील. दिवाळीपर्यंत तुटकी पट्टी, टेप, वही आणि डोंबिवलीची दोन-तीन तिकिटं एवढ्यावर भागवा. प्रत्येक उत्तराखाली तिला एकक लिहायला लावा आणि गतीच्या प्रत्येक उदाहरणात पहिल्या ओळीत ‘शून्य कुठे धरलं’ हे. पाठ्यपुस्तकात तशी पद्धत नाही, शिक्षक हरकत घेणार नाहीत. चौथ्या प्रश्नाचा एक गुण मात्र जाऊन मागा. मुलीला सोबत घेऊन जा, आणि ‘दोन्ही’ का, ते तिलाच सांगू द्या.